गंज काढावा, पण किती?



चाळीस वर्षे कीर्तनाची सेवा घडली. आता गळा साथ देत नाही, म्हणून गादीवर उभे राहणे थांबवले आहे. घरी असतो, पारायण होते, संध्याकाळी हरिपाठाला जाऊन बसतो. बोलणे कमी झाले की मनुष्य मागे बोललेले आठवू लागतो. मला एक बोलणे आठवले, आणि ते आठवायला एक जुना वस्तरा कारण झाला. त्याविषयी आज तुमच्याशी बोलायचे आहे. प्रश्न साधा आहे. दुसऱ्याचा दोष दिसला, आणि तो दोष खरोखरच आहे, तर तो काढण्यासाठी आपण त्याला किती घासावे?

आमचे जांबे गाव मुळशी तालुक्यात. शेजारी मारुंजी, पलीकडे हिंजवडी. माझ्या लहानपणी सगळी शेतीभाती होती. आता कंपन्या आल्या, उंच इमारती आल्या, आणि जुनी घरे एकेक करून पाडली जात आहेत. गेल्या वर्षी असेच एक घर पाडताना माळ्यावर चामड्याची धोकटी सापडली. ती आमच्या गावच्या नाभिकांची. सारा गाव त्यांना तात्या म्हणे, मीही तात्याच म्हणत असे. त्यांच्या नातवाचे आता सलून आहे. तो धोकटी घेऊन माझ्याकडे आला. आत एक फणी, नखे काढायची नराणी, पितळेची वाटी, एक निसणा म्हणजे धार लावायचा दगड, आणि फडक्यात गुंडाळलेला वस्तरा होता. पाते तांबूस झालेले, मूठ शिंगाची, तिला एका बाजूने बारीक तडा.

नातू म्हणाला, “महाराज, हे यंत्रावर देऊन चकचकीत करून घेतो आणि दुकानात काचेच्या पेटीत लावतो. त्याआधी तुम्हाला दाखवायला आणलं. तुमची दाढी आजोबा यानंच करायचे ना?”

मी म्हटले, “यंत्रावर देऊ नकोस. चाकावर पाते तापते. निळसर झाले की त्याला दिलेले पाणी उतरते, मग ते नुसते लोखंड राहते, धार धरत नाही. माझ्याकडे ठेव. मला वेळच वेळ आहे.”

पोलादाला पाणी देणे म्हणजे काय, वस्तरा निसण्यावर कसा फिरवावा, हे मी लहानपणी तात्यांच्याच ओट्यावर बसून पाहिले होते. पण मी तो वस्तरा मागून घेतला त्याचे कारण तेवढेच नव्हते. खरे कारण सांगण्यासाठी मला 1983 सालात जावे लागेल.

तेव्हा माझे वय 33. आळंदीला शिकून आलो होतो, चार गावांत नाव होऊ लागले होते. श्रावण वद्य द्वादशी ही संत सेना महाराजांची पुण्यतिथी. त्या निमित्ताने गावात कीर्तन ठेवले होते आणि सेवा माझ्याकडे होती. सेना महाराजांचे चरित्र तुम्ही सर्व जाणता. महिपतीबाबांनी भक्तविजयात ते गायले आहे. सेना महाराज बांधवगडच्या राजाकडे सेवेला, पूजेत तल्लीन झालेले. राजाचे बोलावणे येते आणि ते उठत नाहीत. तेव्हा पांडुरंग स्वतः सेनांचे रूप घेतो, धोकटी काखेला मारतो, आणि राजाची हजामत करून येतो. देवाने वस्तरा हातात धरला. त्या व्यवसायाला याहून मोठा मान कोणता मिळायचा?

हे आख्यान मी रंगात आणले होते. तेवढ्यात तात्या मंडपात आले, उशिरा. त्या काळात तात्यांना दारूचे व्यसन होते. ही गोष्ट गावाला ठाऊक होती, खोटी नव्हती. ते मागे खांबाशी बसले. माझ्या जिभेवर एक वाक्य आले आणि मी ते आवरले नाही. मी म्हणालो, “सेना महाराजांच्या हातात वस्तरा होता आणि मुखात नाम होते. आमच्याही गावात वस्तरा आहे, पण मुखाला वास कशाचा येतो ते मागच्या खांबापाशी बसलेल्यांना विचारा.”

मंडप हसला. टाळकरी हसले. मीही हसलो. तात्या उठले, नारदाच्या गादीला लांबूनच हात जोडले आणि निघून गेले.

पुढे माउली, ते माझ्या कीर्तनाला कधी आले नाहीत. माझ्याच काय, ते मंडपातच येईनासे झाले. त्यापूर्वी दर वर्षी आषाढीला ते आमच्या दिंडीत असत. मुक्कामावर म्हाताऱ्या वारकऱ्यांची दाढी पैसे न घेता करीत. तेही थांबले.

पण एक गोष्ट थांबली नाही. ते आठवड्यातून एकदा माझ्या घरी दाढी करायला येत, ते येतच राहिले. गावकीचे काम होते, त्यांच्या वडिलांपासून चालत आले होते. खळ्यावर धान्य घ्यायचे आणि वर्षभर घराची सेवा करायची, हा बलुत्याचा रिवाज मोडत आला होता, तरी आमच्या घरापुरता त्यांनी तो पाळला. फरक एवढाच झाला की त्या कीर्तनापूर्वी ते मला “पोरा” म्हणत, “हनुवटी वर कर रे” म्हणत. त्या दिवसानंतर ते मला “महाराज” म्हणू लागले. “महाराज, हनुवटी वर करावी.” लोकांना वाटले, तात्यांनी माझी विद्वत्ता मानली. मला एकट्याला ठाऊक होते की काय तुटले आहे.

पुढची पंधरा वर्षे ते येत होते. हिशेब केला तर सातशेहून अधिक वेळा त्या माणसाने उघडा वस्तरा माझ्या गळ्यावरून फिरवला. हात थरथरत असे, पण पाते कातडीला लागले की स्थिर होई. मला एकदाही, एकदाही ओरखडा उठला नाही. मी त्यांना भर मंडपात कापले होते, आणि त्यांनी माझ्या गळ्याशी धार असताना मला जपले. आणि मी, शास्त्र सांगणारा, पंधरा वर्षांत “तात्या, माझे चुकले” हे शब्द बोलू शकलो नाही. दर आठवड्याला वाटे, आज बोलू. तोंडाला साबणाचा फेस असे, हे निमित्त पुरे होई. 2001 साली तात्या गेले.

तो वस्तरा हातात घेतल्यावर हे सारे आले.

आता काम कसे केले ते सांगतो, कारण जे समजले ते काम करताना समजले. पहिल्या रात्री पात्याला शिलाई यंत्राचे तेल लावून ठेवले. खोबरेल पात्याला लावू नये, काही दिवसांनी ते चिकट होते. ते शिंगाच्या मुठीला चांगले, सुकलेले शिंग त्याने जरा सावरते. दुसऱ्या दिवशी धारेवर जाड कापडाची पट्टी बांधली, म्हणजे बोट कापणार नाही, आणि पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर घेऊन घासायला बसलो.

इथे पहिली चूक झाली. गंज पाहून मला आवेश आला आणि मी जाड खरीचा कागद घेतला. तासाभरात तांबूस रंग गेला. पण पात्यावर काळे डाग होते, तेही जावेत म्हणून मी घासतच राहिलो. मुठीजवळच्या भागावर इंग्रजी अक्षरे कोरलेली होती. नातवंडाने सकाळी ती वाचून दाखवली होती, शेफिल्ड. इंग्लंडातले ते गाव पोलादाच्या हत्यारांसाठी नावाजलेले, आणि तिथले वस्तरे आपल्याकडे पूर्वी पुष्कळ येत. संध्याकाळी पाहतो तो शेवटची अक्षरे जवळजवळ पुसली गेलेली. गंजाने इतकी वर्षे जे खाल्ले नव्हते ते मी एका दिवसात खाल्ले.

लोखंडावर दोन प्रकारचा थर असतो. तांबडा गंज भुसभुशीत असतो. तो ओल धरतो आणि आत आत खात जातो. त्याला ठेवून चालत नाही. दुसरा काळा थर असतो. तो पातळ, घट्ट बसलेला, वापराने आणि काळाने आलेला. तो दिसायला डाग असतो, पण खात नाही. उलट खालच्या पोलादाला थोडे राखतोच. चकचकीत करण्याचा हट्ट धरला की आपण तांबडे आणि काळे एकाच हाताने घासतो, आणि त्यांच्याबरोबर चांगले पोलादही जाते. घासण्याने काही वाढत नाही, माउली. जे जाते ते पात्याचेच जाते.

मग माझ्या मनात आले, तात्यांच्या ठिकाणी तांबडे काय होते आणि काळे काय होते? दारू हा तांबडा गंज होता, तो त्यांना खात होता, हे मी आजही म्हणेन. पण मंडपात उशिरा येऊन खांबाशी बसणे, मान खाली घालणे, लोकांत न मिसळणे, हे मला त्या वेळी दोषच वाटले होते. आज वाटते, तो त्यांचा काळा थर होता. लाज वाटत होती तरी ते येत होते. त्या थराखाली येण्याची इच्छा जपलेली होती. मी तीच घासून टाकली. दारू सुटली की नाही ते मला माहीत नाही. कीर्तन मात्र सुटले.

तिसऱ्या दिवशी निसणा घेतला. तळहातावर ठेवून पाहिला तर मध्ये खोलगट झालेला. वर्षानुवर्षे धार लावून दगडही झिजतो. आणि खोलगट दगडावर कितीही चांगले पाते फिरवा, धार सरळ येत नाही. म्हणून आधी दगडच सपाट करावा लागतो. खिडकीची एक जुनी काच घेतली, तिच्यावर ओला बारीक कागद पसरला, आणि त्यावर निसणा घासत बसलो. दोन दिवस त्यात गेले. वस्तऱ्याला हातही लावला नाही.

त्या दोन दिवसांत मला फार ओशाळे वाटले. मी लोकांना धार लावायला निघालो होतो, पण मी स्वतः सपाट होतो का? 33 व्या वर्षी नाव होऊ लागले होते, त्या नावाने मध्ये खळगा पडला होता. तात्यांवर बोललेले वाक्य त्यांच्या हितासाठी होते असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगितले. खरे पाहता ते हशासाठी होते. त्यांचे व्यसन सुटावे असे मला वाटत असते तर त्यांच्या ओट्यावर जाऊन बसण्यापासून मला कोणी अडवले होते? लहानपणी रोज बसतच होतो.

दगड सपाट झाला, मग धार. वस्तरा निसण्यावर उताणा ठेवतात, म्हणजे त्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात. धार पुढे ठेवून ढकलायचे, टोकाला गेल्यावर पाठीवरून उलटायचे, आणि दुसऱ्या अंगाने परत आणायचे. जितके या अंगाने तितकेच त्या अंगाने. तात्या हे मनात मोजत. एकाच बाजूने घासले तर धार एका कुशीवर कलते. मी ओठ हलवून नाम घेत मोजू लागलो. एक विठ्ठल इकडे, एक विठ्ठल तिकडे. दुसऱ्याच्या दोषाकडे एकदा पाहिले तर एकदा स्वतःकडे उलटावे, हा नियम मी त्या आधी कीर्तनात अनेकदा सांगितला असेल. हाताला तो तेव्हा कळला.

आणि शेवटची गोष्ट थांबण्याची. धार आली की थांबावे. अजून थोडी, अजून थोडी म्हणून घासत राहिले तर धारेचा काठ इतका पातळ होतो की तो तारेसारखा लवतो आणि पहिल्याच केसाला तुटतो. मग पुन्हा पहिल्यापासून. धार आल्यावर फक्त चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचे, तेही उलट दिशेने, पाठ पुढे आणि धार मागे. तिथे काही कापले जात नाही, उललेला काठ सरळ होतो एवढेच. रोजच्या वापराला हा पट्टाच पुरतो. दगड क्वचित लागतो. आपण मात्र माणसांच्या बाबतीत रोज दगड काढतो, आणि पट्टा खुंटीला टांगून ठेवतो. घरात सुनेला, मुलाला, दिंडीत नवख्या वारकऱ्याला. पट्ट्याचे काम म्हणजे काय? पाठीवर हात, दोन गोड शब्द, “येत जा” एवढे म्हणणे.

इथे तुमच्यापैकी कोणी म्हणेल, महाराज, संतही कठोर बोलले आहेत. तुकोबारायांनी ढोंगाची गय केली नाही. मग दोष दाखवू नये असे तुम्ही म्हणता काय?

तसे मी म्हणत नाही. तांबडा गंज ठेवून चालत नाही हे वर सांगितलेच आहे. व्यसनाने घर बुडत असेल आणि आपण गोड बोलत बसलो तर तेही पापच. पण तुकोबारायांची गाथा उघडून पाहा. त्यांनी जितके कठोर शब्द ढोंग्यांसाठी वापरले, त्याहून कठोर शब्दांनी ते स्वतःच्या मनाला, स्वतःच्या उणिवांना सोलून काढतात. तो दगड आधी सपाट झालेला होता. आणि त्यांचा कठोरपणा धर्माच्या नावाने लोकांना नाडणाऱ्यांवर चालला. मी तो गादीवर उभा राहून खांबाशी बसलेल्या एका माणसावर चालवला. त्याला उत्तर द्यायला गादी नव्हती. शब्द तितकेच तिखट असले तरी ही दोन कामे एक नव्हेत.

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी वाणीचे तप सांगितले आहे. बोलणे खरे असावे, पण ते दुसऱ्याला न पोळणारे, प्रिय आणि हिताचेही असावे. माझे वाक्य खरे होते. चारातली एक अट पुरी झाली, आणि तेवढ्यावर मी स्वतःला उत्तीर्ण करून टाकले. त्या श्लोकावर माउली ज्ञानोबाराय परिसाचा दृष्टांत देतात. परीस लोखंडाचे सोने करतो, पण ते करताना लोखंड तोडत नाही, त्याचे वजन गुंजभरही घटवत नाही. साधूची वाणी तशी, न दुखवता सुख देणारी. मी हा दृष्टांत शेकडो वेळा सांगितला असेल. वस्तरा घासताना पाण्यात उतरलेली काळी राड पाहिली आणि मग कळले की परीस आणि निसणा यांत अंतर किती आहे. परीस काही घेत नाही. निसणा दर वेळी थोडे घेतो. आपण परीस नाही, माउली. आपण फार तर निसणे आहोत. आपण कोणाला सुधारायला गेलो की त्याचे काहीतरी जाणारच. म्हणून आपण भीत भीत, मोजून, आणि धार येताच थांबून बोलावे.

सेना महाराजांचा हजामतीच्या रूपकाचा अभंग तुम्हाला पाठ असेल. त्यात विवेकाला त्यांनी आरसा म्हटले आहे, वैराग्याला चिमटा, आणि शांतीला पाणी. मी त्यावर कितीदा तरी निरूपण केले, पण त्यातला क्रम माझ्या लक्षात आला नव्हता. आरसा पहिला येतो. आणि नाभिक आरसा कोणासमोर धरतो? ज्याची हजामत करायची त्याच्याच समोर. ओट्यावर बसलेल्या गावाला तो त्याचे तोंड दाखवत नाही. शांतीचे पाणीही आहेच. केस भिजवल्याशिवाय कोणी शहाणा माणूस वस्तरा लावत नाही. मी आरसा मंडपाकडे वळवला आणि कोरड्या डोक्यावर पाते चालवले.

ज्यांची मी थट्टा केली त्या समाजाने वस्तरा कुठे थांबवावा हे आम्हाला फार आधी शिकवले आहे, हेही मला त्या वेळी ठाऊक नव्हते. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली, आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही असा निर्धार त्यांनी केला. रूढीने त्या कामाला धर्म म्हटले होते. त्या कामाचे पैसेही मिळत. पण ज्या डोक्यावर वस्तरा चालवायचा त्या लेकीचे डोळे त्यांनी पाहिले आणि हात आखडला. धार हातात असून ती न चालवणे, हेही कारागिराचे ज्ञान आहे. कीर्तनकाराची जीभ हे त्याचे हत्यार. ते कुठे चालवू नये, हे मला त्या सभेतल्या एखाद्या अडाणी माणसाने शिकवले असते.

पंधरा दिवसांनी काम झाले. वस्तरा नवा दिसत नाही. पात्यावर काळे डाग आहेत. धारेपासून दूर गंजाने पाडलेली दोन-तीन बारीक छिद्रे आहेत, ती काढायची तर निम्मे पाते घासावे लागेल, म्हणून ठेवली. शेफिल्डची शेवटची अक्षरे माझ्या हातून गेली ती गेली. पण मनगटावरचा केस नुसत्या स्पर्शाने उतरतो. तो सेवेला उभा आहे. मला वाटते, आपल्या शुद्धीचेही एवढेच माप असावे. डाग उरले म्हणून कोणी वारीला अपात्र होत नाही. खाणारा गंज थांबला, धार सरळ झाली, पुरे.

नातू न्यायला आला. तो रोज बदलत्या पात्याचा वस्तरा वापरतो. रक्तातून पसरणारी कावीळ आणि तसले रोग पाहता प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते हेच बरोबर आहे, तसे मीच त्याला म्हटले. आजोबांचा वस्तरा एका माणसापुरता वापर, तुझ्यापुरता. त्याने धार पाहिली आणि बराच वेळ काही बोलला नाही.

मग मी त्याला सांगितले. 1983 सालचे वाक्य जसे बोललो होतो तसे सांगितले, कमी केले नाही. म्हटले, “तुझ्या आजोबांची क्षमा मागायची राहिली. ती आता तुझ्याकडे मागतो.”

तो म्हणाला, “घरात माहीत आहे, महाराज. आजी सांगायची.”

एवढेच. “जाऊ द्या” म्हणाला नाही. आणि ते बरोबरच आहे. जे तात्यांचे होते ते नातवाने माझ्या पदरात कसे टाकावे? तो वस्तरा फडक्यात गुंडाळून निघाला. दारात थांबून म्हणाला, “निसणा तुमच्याकडंच राहू द्या. पुढच्या वेळी धार कशी लावायची ते मला दाखवा.” आता तो कधी कधी सुट्टीच्या दिवशी येतो. मी मोजतो, तो फिरवतो. त्याचा हात आजोबांसारखा आहे, माझ्याहून हलका. परवा मोजताना त्याने मला अडवले. म्हणाला, “या बाजूनं एक जास्त झाला.” मी मान्य केले.

माउली, मी कीर्तनातून सांगितलेले पुष्कळ तुम्ही विसरला असाल, आणि ते बरेच आहे. एवढे मात्र या म्हाताऱ्याकडून घ्या. तुमच्या दिंडीतला, भावकीतला, घरातला एखादा माणूस तुमच्या एखाद्या खऱ्या, पण कोरड्या शब्दाने मंडपातून उठून गेला असेल. त्याचा दोष खरा असेलही. तुम्ही त्याच्या ओट्यावर जा. मी पंधरा वर्षे दर आठवड्याला संधी असून गेलो नाही, आणि आता ज्याच्याकडे जायचे तो ओटाही राहिलेला नाही. तुमचा असेल तर एकादशीची वाट पाहू नका.

निसणा माझ्या देवघराशेजारी ठेवला आहे. रोज सकाळी बोटाने पाहतो, मध्ये पुन्हा खळगा पडू लागला आहे का ते.

पुंडलीक वरदा हरी विठ्ठल. रामकृष्ण हरी.